प्रतीक्षायादी

लिनेट होबार्टनं पर्समधून फोटो काढून सेताच्या हातात दिला तेव्हा सकाळचे साडेनऊही झाले नव्हते. बाई कानाच्या दवाखान्यात पहिल्यांदाच आली होती, चव्वेचाळीस वर्षांची, उजव्या कानानं कमी ऐकू येतं म्हणून. "दहा वर्षं टाळलं मी हे," ती म्हणाली होती, "पण आता कानाला यंत्र बसवायचंच. घरात बाळ यायचंय. ते रडलेलं मला ऐकूच आलं नाही तर?" अशा वेळी हसायचं असतं, म्हणून सेता हसली होती. फोटो हातात घेऊन छान आहे म्हणायचं असतं, तेही म्हणायला तिनं तोंड उघडलं होतं. सोनोग्राफीच्या करड्या धुक्यात एक वाकडं डोकं, वर उचललेली मूठ, खाली तेरा मार्चची तारीख. आणि डोक्याच्या बाजूला निळ्या बॉलपेननं काढलेला एक बाण, बाणाच्या शेपटीशी गोल गोल शाळकरी अक्षरात लिहिलेलं: हे नाक माझं. हाच फोटो गेले सात आठवडे सेताच्या स्वयंपाकघरात फ्रिजच्या दारावर होता. आज सकाळी दूध काढताना तिनं त्याच्याकडे बघितलं होतं. काही बोललीही होती त्याच्याशी, काय ते आता आठवेना.

"मूळचा फोटो बाळाच्या आईकडे, त्या मुलीकडे असतो," लिनेट म्हणाली, "ही कॉपी. पण नाक दिसतंय ना?"

"दिसतंय," सेता म्हणाली. मग तिनं फोटो परत दिला, लिनेटला काचेच्या खोलीत बसवलं, तिच्या डोक्यावर हेडफोन चढवले आणि नेहमीचं सांगितलं: आवाज कितीही बारीक आला तरी हात वर करायचा, आलाय की नाही अशी शंका असली तरी करायचा. दार लावून ती काचेच्या अलीकडे आपल्या खुर्चीत बसली. यंत्राची बटणं तिच्या बोटांना पाठ होती, त्यामुळे बोटं आपलं काम करत राहिली. सोळा वर्षं ती माणसांचे चेहरे असे काचेतून बघत आली होती. काही माणसं आवाज नसतानाच हात वर करतात. लबाडी नसते त्यांची. ऐकू यावं असं त्यांना इतकं वाटत असतं, की आतूनच काहीतरी वाजतं. अशा माणसांच्या कागदावर ती कोपऱ्यात एक छोटी खूण करायची. लिनेटनं एकदाही खोटा हात वर केला नाही. डोळे मिटून, ओठ घट्ट आवळून, ती खरं तेवढंच ऐकत होती. सेताला तिचा राग यायला हवा होता. तो येत नव्हता, घशात नुसती एक कोरडी धूळ चढत होती, उन्हाळ्यात बदामाच्या बागा झाडतात तेव्हा गावावर चढते तशी. तपासणी झाल्यावर कागद भरताना तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "दत्तक संस्थेतर्फे मिळालं का तुम्हाला?"

"छे. संस्थेत तीन वर्षं आमचं नाव यादीत पडून होतं. मोडेस्टोची एक बाई आहे, मध्यस्थ. एकदम आलं तिचं बोलावणं, दोन आठवडे झाले असतील. म्हणाली, आधीचं जोडपं गळालं." लिनेटनं पर्सची चेन लावली. "लोक म्हणतात अशा बायांवर विश्वास ठेवू नये. पण आम्ही थकलो होतो हो."

आधीचं जोडपं. पुढच्या दोन पेशंटांचे कान तपासताना सेताच्या डोक्यात तेवढे दोनच शब्द होते. डार्लीन फिच. गॅरेजमध्ये टेबल टाकून धंदा करणारी, मागे कायम एक कुत्रा भुंकत असलेली, पहिल्याच फोनला 'अगं बाळा' म्हणणारी डार्लीन. सगळ्यांनी सांगितलं होतं. चर्चमधल्या बायकांनी सांगितलं, वकिलानंही सांगितलं, की मध्यस्थ म्हणजे नुसती गाठ घालून देणारी, तिला ना कसलं शिक्षण लागतं ना कुणाला जाब द्यावा लागतो, एकच मूल दोन घरांना दाखवणाऱ्याही असतात. आणि सगळ्यांत जास्त सांगितलं होतं मिहराननं. तिच्या नवऱ्यानं. मिहरान जिल्ह्याचा वजनमाप निरीक्षक. बाजारातले तराजू, पेट्रोलचे पंप, बेदाण्याच्या कारखान्यातले काटे तपासणारा माणूस. घरी भात शिजवतानाही वाटी सपाट करून घेणारा. गेल्या ऑक्टोबरात जेवणाच्या टेबलावर त्यानं दोन कागद मांडले होते, एकावर 'संस्था', दुसऱ्यावर 'मध्यस्थ'. संस्थेच्या कागदावर त्यानं नीट लिहिलं होतं: घराची पाहणी, बोटांचे ठसे, तीन ओळखीच्यांची पत्रं, आईबाप होण्याचे वर्ग, मुलीला आधार देणारी समाजसेविका, नंतरही विचारपूस. दुसऱ्या कागदावर एकच ओळ होती: फोनवरचा आवाज.

"संस्था म्हणजे कसं, पक्कं असतं," तो म्हणाला होता. "उद्या त्या मुलीचं मन बदललं, तर तिच्याशी बोलायलाही कुणीतरी असतं. तुझी ही बाई काय करणार आहे?"

"चार वर्षांची यादी आहे त्यांची, मिहरान. तेव्हा मी सेहेचाळिशीला टेकलेली असेन."

"घाई कसली आहे?"

तिला ते त्याचं जपणं वाटलं होतं. तीन वेळा पोटातलं गेलं होतं तिचं, तिसऱ्यांदा तर पाचव्या महिन्यात. तिला पुन्हा कुणी फसवू नये, म्हणून हा माणूस सगळं काट्यावर तोलून बघतोय असं तिनं स्वतःला समजावलं. संस्थेतल्या पामेला स्ट्राउडबाईंना ते दोघं भेटलेही होते. बाई वाईट नव्हत्या. खिडकीत तुळशीसारख्या वासाचं कसलंसं रोप होतं, बोलता बोलता त्या त्याची पिवळी पानं खुडत होत्या. पण त्यांनी विचारलं होतं, "तिसऱ्या वेळेनंतर तुम्ही दोघं याबद्दल बोललात का? म्हणजे खरंच बोललात का?" सेताच्या कानशिलावर उष्ण कळ उठली. असल्या प्रश्नाला उत्तर देऊन मग रांगेत उभं राहायचं, चार वर्षं. तिला वाटलं, ही बाई आपल्याला नापास करायला बसलीय. उलट डार्लीननं काहीच विचारलं नाही. ती नुसती म्हणाली, "बाळा, तू दमलीयस. तुझ्या आवाजावरून कळतंय." दिवसभर दुसऱ्यांचे कान तपासणाऱ्या बाईला कुणीतरी म्हणालं होतं की तुझं मला ऐकू येतंय. तेवढ्यावर ती डार्लीनकडे गेली होती. मिहराननं दोन्ही कागद घडी करून खणात ठेवले आणि म्हणाला, "ठीक आहे. तुझं ऐकतो." त्या वाक्यानं ती तेव्हा किती हलकी झाली होती.

जेवणाच्या सुट्टीत तिनं मागच्या खोलीचं दार लावून मोडेस्टोला फोन लावला. काय बोलायचं ते तिनं मनात जुळवून ठेवलं होतं, वकिलाचं नाव, तक्रार, वर्तमानपत्र. कुत्रा भुंकला. डार्लीन आली.

"डार्लीन, मी सेता. येसेनियाचं बाळ तुम्ही दुसऱ्याच कुणाला तरी देऊ केलंय. मला माहितीय. फोटो बघितलाय मी."

 पलीकडे डार्लीननं कुत्र्याला बाहेर घालवल्याचा आवाज, दार लागल्याचा आवाज. परत आली तेव्हा तिच्या बोलण्यात 'बाळा' नव्हतं.

"तुमच्या मिस्टरांनी नाही सांगितलं?"

"काय?"

"त्यांनी फोन केला होता. सोळा एप्रिलला, मी लिहून ठेवलंय. म्हणाले आम्ही माघार घेतोय. मी म्हटलं, मला सेताशी बोलू द्या. तर म्हणाले, ती आत्ता बोलायच्या अवस्थेत नाही, मी सांगेन तिला माझ्या पद्धतीनं, तुम्ही कृपा करून फोन करू नका. मागून पत्रही आलं, खाली तुम्हा दोघांची सही." पलीकडे कागद सळसळला. "सही तुमची नव्हती का?"

सेतानं फोन कानापासून थोडा दूर धरला. सही. मिहरानला तिची सही करता यायची, बँकेच्या कागदांवर तीच त्याला करायला सांगायची, मला वेळ नाही, तूच ओढ. डार्लीन बोलत राहिली. मी दहा दिवस थांबले, तुम्ही फोन कराल म्हणून. नाही आला. पोरीचे दिवस पुढे सरकतायत, ती रडली, मग मी दुसरं घर बघितलं. आता तिचं मन त्यांच्याकडे वळायला लागलंय, आता ओढाताण केली तर पोरगी मोडेल. "मला लोक काय म्हणतात ते ठाऊक आहे," डार्लीन म्हणाली, "पण हे मी नाही केलं." आणि सेताला कळलं की ही बाई खरं बोलतेय. कळल्याबरोबर पहिली गोष्ट काय वाटली असेल, तर निराशा. डार्लीन खोटी निघायला हवी होती. ती खोटी निघाली असती तर आज संध्याकाळी घरी जाऊन मिहरानच्या खांद्यावर डोकं ठेवून रडता आलं असतं, आणि तो म्हणाला असता, मी म्हटलं होतं ना.

घराकडे गाडी चालवताना तिनं कालव्याचा लांबचा रस्ता धरला. पाणी काठोकाठ आणि शांत होतं. सोळा एप्रिल म्हणजे तुलारीला येसेनियाला भेटून आल्याला दहा दिवस. त्या दिवशी पॅनकेकच्या हॉटेलात एकोणीस वर्षांची ती पोर एकामागून एक तीन पॅनकेक खाऊन, बोटं चाटून, पोटावर हात ठेवून म्हणाली होती, "हा माझ्यासारखाच खादाड निघणार, आधीच सांगते." सेता इतकी हसली होती की डोळ्यांत पाणी आलं. येसेनियानं सांगितलं होतं, तिला गाडीनं तासाभरात पोचता येईल असं घर हवंय, वर्षातून दोनदा बघायला यायला. मग तिनं मिहरानला विचारलं, "तुम्हाला नाचता येतं का? माझ्या बाबांना येत नाही. बाबा लोकांना कधीच का येत नाही?" मिहराननं मान हलवली होती, मधाची बाटली सरळ करून ठेवली होती. परतीच्या वाटेवर म्हणाला, "छान आहे पोरगी." पुढचे चाळीस मैल गप्प. तिला वाटलं, भरून आलंय याला. मग सोळा एप्रिल. आणि एकोणीस एप्रिलला, शनिवारी, त्यानं पाळणा जोडला. गुडघ्यावर बसून, तोंडात स्क्रू धरून, हलतोय का म्हणून कोपरा न् कोपरा दाबून बघत. ती दारात उभी राहून बघत होती. 'जरा घट्ट कर तो मागचा,' असं म्हणालीही होती. त्यानं केला होता.

तो मागच्या अंगणात द्राक्षाच्या वेलीची कोवळी पानं खुडत होता. दर मे महिन्यात त्याची आई ती भाताचं सारण भरून शिजवायची, ती गेल्यापासून पानं खुडायचं काम त्यानं सोडलं नव्हतं. तीसतीसच्या चवडी करून दोऱ्यानं बांधायचा. सेता पर्स खांद्यावर तशीच ठेवून त्याच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "डार्लीनशी बोलले आज."

त्यानं हातातली चवड पूर्ण केली. गाठ मारली. मग मान वर केली. "मी सांगणार होतो."

"कधी?"

"रोज."

"पाळणा का जोडलास?"

"तू सांगितलंस म्हणून." हे तो अगदी साधेपणानं म्हणाला. तो पुढे बोलत राहिला, हळूहळू, पानांकडे बघत. "मला मूल नकोच होतं, सेता. कधीच. पहिल्यांदा हवं होतं कदाचित. मग तुझं दुसऱ्यांदा गेलं, तिसऱ्यांदा गेलं, आणि तिसऱ्यांदा... मला सुटल्यासारखं वाटलं. हॉस्पिटलात. तुझा हात माझ्या हातात होता आणि मला सुटल्यासारखं वाटत होतं. हे कुणाला कसं सांगतात?"

"आणि संस्था?"

त्यानं नवा दोरा तोडला.

"दोन कागद मांडले होतेस तू. पक्कं असतं म्हणालास."

"चार वर्षांची यादी होती," मिहरान म्हणाला. "मला वाटलं, चार वर्षांत तू विसरशील. नाहीतर दमशील. कुणाला दुखवायला लागणार नाही."

ती उभीच होती. हॉस्पिटलातली ती दुपार तिच्यासमोर आली, आजवर हजारदा आठवलेली, पण आता वेगळाच आवाज काढणारी. खुर्चीत मान टाकून झोपलेला मिहरान. किती गाढ झोपला होता तो. ती जागी होती, कूस रिकामी, दूध येऊ लागलं होतं, तसं होईल हे कुणी सांगितलंच नव्हतं, गाऊन भिजला होता, आणि त्याला उठवायचं तिच्या जिवावर आलं होतं. बिचारा, दुःखानं किती दमलाय, असं म्हणून तिनं स्वतःच्या अंगावरचं पांघरूण काढून त्याच्या गुडघ्यांवर टाकलं होतं. सहा वर्षं त्या पांघरुणाच्या आठवणीवर तिनं संसार केला होता. वाईट दिवस आला की ती तिथे जायची, आपण दोघं किती एका जागी होतो त्या दिवशी, असं म्हणायची. तिथे तो नव्हताच. तिथे ती एकटीच होती, आणि एक माणूस सुखानं झोपला होता. पुढचं सगळं तिला कळू शकत होतं. भीती समजते, नकोसं वाटणंही समजतं. पण मागची ती दुपारच काढून घेतली त्यानं, आणि ती काढताना त्याच्या चेहऱ्यावर माया होती. स्ट्राउडबाईंनी विचारलं होतं, खरंच बोललात का? तो प्रश्न आपल्यासाठी नव्हता, हे तिला आत्ता कळत होतं. बाई पानं खुडता खुडता त्याच्याकडे बघत होत्या.

"तू नाही म्हणाला असतास," ती म्हणाली, "तर मी रडले असते, भांडले असते. कदाचित राहिलेही असते."

"माहितीय."

"नाही. तुला माहीत नाही."

त्या आठवड्यात ती कालव्यापलीकडच्या एका खोलीत राहायला गेली. खोली साधी होती, एक खिडकी, एक शेगडी. मिहराननं तिच्या पेट्या गाडीपर्यंत आणून दिल्या. कोणतीच आपटू दिली नाही. फ्रिजवरचा फोटो तिनं घेतला नाही, आणि न घेतल्याचं तिच्या तिसऱ्या दिवशी लक्षात आलं. चर्चमधल्या बायकांनी फोनवर हळहळ केली, "त्या मध्यस्थ बाईनं बुडवलंच ना शेवटी," आणि तिनं पहिल्या दोघींना दुरुस्त केलं, तिसरीला केलं नाही. लिनेट यंत्र बसवून घ्यायला येऊन गेली. पाण्याचा नळ, कागदाची सळसळ, स्वतःचाच आवाज ऐकून ती हसायला लागली, मग रडायला लागली, आणि सेतानं तिच्यापुढे कागदी रुमालांचा डबा केला. आधीचं जोडपं म्हणजे आपणच, हे तिला सांगावं असं सेताला क्षणभरही वाटलं नाही. हे चांगुलपण होतं की नुसता थकवा, ते तिला ठरवता आलं नाही.

आणि मग मेच्या शेवटच्या आठवड्यात, एका दुपारी, रिसेप्शनवरच्या मुलीनं फोन जोडून दिला, पेशंट असेल म्हणून.

"मी येसेनिया," पलीकडून आवाज आला. "नंबर तुम्ही डार्लीनकडे दिलेल्या फोटोंच्या अल्बममध्ये होता, मागच्या पानावर. फोन करायचा नसतो मी, माहितीय मला. पण एक विचारायचं होतं."

सेता खुर्चीत बसली. "विचार."

"डार्लीन म्हणाली, तुम्हाला जमणार नाही. का ते म्हणाली नाही. मी काही बोलले का त्या दिवशी? वर्षातून दोनदा येईन म्हटलं, ते जास्त झालं का?"

"नाही गं. तू काहीच चुकीचं बोलली नाहीस."

"मग तुमच्या मिस्टरांनी नको म्हटलं. हो ना? ते माझ्याकडे बघतच नव्हते." ती भरभर बोलू लागली. "हे बघा, तसं असेल तर सांगा मला. होबार्ट लोक चांगले आहेत, खूप चांगले आहेत, पण मी अजून कशावर सही केलेली नाही. मला नवरा असलेलीच बाई पाहिजे असं काही नाही. माझ्या आईनं आम्हाला एकटीनंच वाढवलंय. मी तुम्हाला निवडलं होतं. अल्बम उघडला आणि तुम्हालाच निवडलं. तुम्ही नुसतं खरं काय ते सांगा."

नुसतं खरं. सेतानं डोळे मिटले. खरं एका वाक्याचं होतं, आणि ते वाक्य बोललं की दोन महिन्यांनी त्या एका खिडकीच्या खोलीत एक खादाड मूल असणार होतं. तिला त्याचं वजन हातावर जाणवलं, अगदी खरोखर. आणि व्हिसेलियात कुठेतरी, उजव्या कानात नवं यंत्र घालून, लिनेट होबार्ट एका रिकाम्या खोलीच्या दारात उभी राहणार होती, नळाचा थेंब न् थेंब ऐकत. तिलाही कुणीतरी फोन करून सांगणार होतं, माझ्या पद्धतीनं सांगतो म्हणून. सेताला वाटलं, आपल्यात आत्ता जे मोडलंय ते नेमकं जसंच्या तसं दुसऱ्या बाईच्या घरात नेऊन ठेवायची ताकद आपल्या हातात आलीय, आणि ती वापरली तर कुणीही आपल्याला दोष देणार नाही. पोरगीसुद्धा. तिनं श्वास घेतला. दाराबाहेर कुणीतरी खोकलं, पुढचा पेशंट.

"त्यांनी नाही," ती म्हणाली. "मीच. मीच नको म्हटलं."

"तुम्ही?"

"मला भीती वाटली, येसेनिया. माझं वय, सगळंच. मी त्यांना फोन करायला लावला."

तिचा आवाज कापला नाही, याचं तिला नवल वाटलं. असा आवाज कसा लावतात, ते ती घरातच शिकली होती बहुतेक.

 येसेनिया म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही हसत होतात. डोळ्यांत पाणी येईपर्यंत."

"हो."

"ते मग काय होतं?"

सेताकडे उत्तर होतं. ते तिनं दिलं नाही. फोनच्या तारेचं वेटोळं तिनं बोटाभोवती गुंडाळलं होतं, बोटाचं टोक पांढरं पडलं होतं.

"मला वाटलं होतं," येसेनिया म्हणाली, अगदी हळू, स्वतःलाच सांगितल्यासारखं, "की मला माणसं कळतात."

तिनं फोन ठेवला नाही. सेतालाही ठेवता आला नाही. दोघींच्या मधे तारेवर नुसता तो बारीक घुमणारा आवाज होता, आणि त्यामागे कुठेतरी एका घरात ताटल्या मांडल्या जात होत्या. मग लांबून एका बाईनं त्या मुलीला नावानं हाक मारली, ती 'आले' म्हणाली, आणि तारेवर काहीच उरलं नाही.